पाखरांचा जमाखर्च मांडणारा माणूस

फाल्गुन सरतो, चैत्राची पालवी दिसू लागते आणि रंकाळा व कळंबा या दोन्ही तलावांवरची हिवाळी गर्दी हळूहळू ओसरू लागते. थंडीभर पाण्यावर तरंगणारी थापट्या आणि तलवार बदके एके दिवशी दिसेनाशी होतात. काठावर शेपटी हलवीत धावणारा परीट दोन-चार दिवस अधिक रेंगाळतो, मग तोही जातो. ज्वारीच्या पिकावर धाड घालणाऱ्या भोरड्या, ज्यांच्यासाठी शेतकऱ्याला माळ्यावर गोफण घेऊन उभे राहावे लागते, एप्रिल संपण्याच्या आत नाहीशा होतात. ही पाखरे कोठून येतात आणि कोठे जातात, हे आपल्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या एका शब्दात सांगितले आहे: परदेशी. तो परदेश कोणता, वाट कोणती, गेलेले पाखरू पुढल्या वर्षी त्याच तळ्यावर परततो की दुसरेच कोणी येते, या प्रश्नांना पुराव्यानिशी उत्तर देण्याचा उद्योग ज्या एका माणसाच्या नावाशी या देशात कायमचा जोडला गेला, ते म्हणजे डॉ. सलीम अली. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या आणि २० जून १९८७ रोजी मुंबईतच निवर्तलेल्या या माणसाचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात चोडण बेटावरच्या अभयारण्याला ते दिलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून नोव्हेंबरात पक्षी सप्ताह सुरू केला, त्याचा अखेरचा दिवस म्हणजे त्यांचा जन्मदिन. नाव इतके प्रसिद्ध झाले की त्यामागचे आयुष्य किती काळ बिनभरवशाचे होते, याचा विसर पडावा!

सलीम हे भावंडांतील शेंडेफळ. वर्षाचे होते तेव्हा वडील गेले, तीन वर्षांचे होते तेव्हा आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या घरात या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. घराणे सधन आणि सुशिक्षित होते. काँग्रेसच्या आरंभीच्या अध्यक्षांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले, पुढे गांधीजींचे सहकारी म्हणून गाजलेले अब्बास तय्यबजीही त्यातलेच. मामांना शिकारीचा शौक होता आणि भाच्याच्या हाती छऱ्यांची बंदूक आली होती. त्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका निघाला. मामांनी भाच्याला ती चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत धाडले. तेथील मानद सचिव मिलर्ड यांनी ती रानचिमणी असल्याचे ओळखून सांगितले, इतकेच नव्हे, तर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. ही गोष्ट साधारण १९०८ च्या सुमाराची. क्रमिक पुस्तकांत ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यातील एक बारकावा सहसा निसटतो. साहेबाच्या त्या संस्थेत एक अनोळखी हिंदी मुलगा मेलेली चिमणी घेऊन आला आणि त्याला हाकलून देण्यात आले नाही. मिलर्डसाहेबांना त्या दिवशी कामाची घाई असती, तर पुढचे बरेच काही घडले नसते.

शाळा-कॉलेजात मात्र या मुलाची प्रगती यथातथाच होती. १९१३ मध्ये मॅट्रिक, सेंट झेवियर्समध्ये प्रवेश, पहिल्याच वर्षी अभ्यास सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे प्रयाण. तेथे भावाबरोबर वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि इमारती लाकडाचा धंदा होता. पहिल्या महायुद्धात शस्त्रांसाठी टंगस्टन लागे, म्हणून वुल्फ्रॅमला भाव होता. युद्ध संपले तसा तो बसला आणि धंदाही यथावकाश बुडाला. रानात हिंडण्याची चटक लागली, एवढाच काय तो त्यातला नफा. मध्यंतरी १९१७ मध्ये मुंबईस परतून त्यांनी दावरांच्या कॉमर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनीस यांचा अभ्यास केला. त्याच सुमारास सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. चरित्रकार या काळातील प्राणिशास्त्रावर भर देतात आणि जमाखर्चाकडे दुर्लक्ष करतात. पुढील साठ वर्षांतील कामाची पद्धत पाहिली, तर हे दुर्लक्ष न्याय्य वाटत नाही. तारीख, स्थळ, संख्या, हवामान, आणि जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच. आजची नोंद आजच. खतावणी घालणाऱ्या कारकुनाची ही शिस्त आहे.

या शिस्तीचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. दख्खनच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती कर्नल साइक्स यांची. मुंबई सरकारने त्यांची नेमणूक केली होती ती आकडेवारी गोळा करण्यासाठी, आणि माणसे, पिके व भाव मोजता मोजता त्यांनी पाखरेही मोजली. पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणले गेलेले ह्यूम यांनी साऱ्या हिंदुस्थानातील पक्ष्यांच्या नोंदी पंचवीस वर्षे जमविल्या. सिमल्याच्या त्यांच्या बंगल्यातून ती हस्तलिखिते एका नोकराने नेऊन बाजारात रद्दीच्या भावाने विकली आणि ह्यूम यांनी पक्ष्यांचा नादच सोडला. नोंद करणे आणि नोंद टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सलीम अलींच्या पिढीने ह्यूमच्या या अनुभवावरून ओळखले असावे.

१९१८ च्या डिसेंबरात तेहमीना या सुविद्य तरुणीशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातील दुसरी फेरीही तोट्यातच गेली. सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यात जागा होती, परंतु विद्यापीठाची पदवी नसल्याने ती मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, निसर्गविभागात प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा मिळाली. पगार महिना साडेतीनशे रुपये, म्हणजे त्या काळी बरा. दोनच वर्षांत त्या कामाचा कंटाळा येऊन त्यांनी शिक्षणासाठी रजा घेतली आणि बर्लिन गाठले. तेथे प्राध्यापक श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली ते पक्षिशास्त्राच्या शास्त्रशुद्ध पद्धती शिकले. उत्तर समुद्रातील हेलिगोलँड बेटावर स्थलांतर करणारे पक्षी पकडून त्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम चाले, तेही त्यांनी जवळून पाहिले. १९३० मध्ये परत येतात तो नोकरीची जागाच रद्द झालेली. जागतिक मंदीचे ते वर्ष. वय चौतिशीकडे झुकलेले, पदरात पदवी नाही, हाती धंदा नाही. त्या वेळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाने अशा जावयाविषयी काय मत दिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

मुंबईचा खर्च परवडेना म्हणून हे जोडपे अलिबागजवळ किहीम येथील लहानशा घरात राहावयास गेले. पावसाळा सुरू झाला होता आणि घराजवळ सुगरणींची वसाहत विणकामात गुंतली होती. बेकार माणसाला वेळेचा तोटा नसतो. बांबूच्या शिडीवर आडोसा बांधून सलीम अली तासन् तास बसू लागले आणि जे कोणीच नीट पाहिले नव्हते ते त्यांनी पाहिले. मराठीने या पाखराला स्त्रीलिंगी नाव दिले आणि विणकामाचे सारे श्रेय मादीच्या पदरात घातले. प्रत्यक्षात विणतो तो नर. अर्धे घरटे होईतो तो एकटाच खपतो. मग माद्यांचा थवा येतो, घरट्यांत शिरून तपासणी करतो, आणि पसंत पडलेल्या घरट्यात एकेक मादी ठाण मांडते. ती आत बसली की नर उरलेली नळी पुरी करतो आणि लगेच शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात. सोसायटीच्या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याने त्यांना पक्षिशास्त्रज्ञांत स्थान मिळवून दिले. नोकरी टिकली असती, तर ते पावसाळ्याचे महिने म्युझियमच्या दालनांत गेले असते, हेही येथे नमूद करावयास हवे. बेकारीचे गुणगान करण्याचा मात्र हेतू नाही. शंभर बेकारांपैकी नव्याण्णवांना किहीमला घर नसते.

यानंतर त्यांनी जो मार्ग काढला तो अर्थव्यवहाराच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. देशी संस्थानांच्या मुलुखातील पक्ष्यांचे सर्वेक्षण झालेले नव्हते. सलीम अलींनी सोसायटीपुढे प्रस्ताव ठेवला की, संस्थानिकांनी फक्त छावणीचा आणि प्रवासाचा खर्च सोसावा, आपण वेतन घेणार नाही. हैदराबादपासून सुरुवात झाली, मग त्रावणकोर-कोचीन, म्हैसूर, भोपाळ, शिंद्यांचे ग्वाल्हेर, होळकरांचे इंदूर, आणि कच्छ. ज्या राजेरजवाड्यांची बंदूक पाखरांवर चाले, त्यांच्याच तिजोरीतून पाखरांची खतावणी लिहिली गेली. धार संस्थानच्या साहाय्याने तर १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातच बदकांच्या पायांत सोसायटीची कडी पडू लागली होती. कच्छच्या रणात १९४५ च्या एप्रिलमध्ये रोहित पक्ष्यांची जी वसाहत त्यांनी पाहिली, तीत पिल्लांसह सुमारे पाच लाख पक्षी असावेत असा त्यांचा अंदाज होता. या भटकंतीत बैलगाडी, उंट, डाकबंगला, तंबू यांची व्यवस्था तेहमीनाबाई पाहत. त्यांना रान आवडे आणि पतीचे इंग्रजी लेखन त्या तपासून देत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. ते बहीण कामू आणि मेहुणे यांच्याकडे राहू लागले आणि कामात अधिकच बुडाले.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले. त्यापूर्वीची पुस्तके होती ती शिकारी साहेबाच्या किंवा संग्रहालयाच्या उपयोगाची. हे पुस्तक मास्तर, डॉक्टर, रेल्वेतील बाबू यांच्या हाती पडले आणि पाखराला गोळी न घालताही ओळखता येते, हे त्यांना समजले. तुरुंगात असलेल्या पंडित नेहरूंनी ते आपल्या कन्येला भेट दिले, आणि या परिचयाचा उपयोग स्वातंत्र्यानंतर डबघाईस आलेल्या सोसायटीला सरकारी मदत मिळविण्याच्या कामी झाला. डिलन रिप्ले या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या सहकार्याने १९६८ ते १९७४ या काळात निघालेला दहा खंडांचा ग्रंथ हे त्यांच्या विद्वत्तेचे शिखर. पण त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. तो अभ्यासकांचा ग्रंथ आहे.

स्थलांतराचा प्रश्न त्यांच्या मनात हेलिगोलँडपासून होता. पैसा आला तो अनपेक्षित दिशेने. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधून काढला. रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे नाते दिसल्याने, हा रोग पाखरांनी उत्तरेकडून आणला की काय, अशी शंका निघाली. त्या शंकेपायी जागतिक आरोग्य संघटनेने पाखरांना कडी घालण्याच्या कामाला साहाय्य दिले आणि १९५९ पासून सलीम अलींच्या देखरेखीखाली ते मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. हाच तो माकडताप, जो २०१६ पासून आपल्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माणसांचे बळी घेऊ लागला. पाखरांवरील आरोप काही सिद्ध झाला नाही. रोग स्थानिक गोचिडांचा निघाला. पण चौकशीच्या निमित्ताने आरोपींचा पत्ता लागला.

पद्धत साधी, पण चिकाटीची. जाळ्यात पकडलेल्या पाखराच्या पायात ॲल्युमिनियमचे हलके कडे घालावयाचे. त्यावर क्रमांक, आणि सापडल्यास मुंबईच्या संस्थेस कळवावे अशी सूचना. मग वजन, माप, वय लिहून त्याला सोडून द्यावयाचे. पाखरे धरण्यासाठी बिहारमधील मीरशिकार जमातीचे लोक आणले. ज्यांच्या घराण्यात पाखरे पकडून बाजारात विकण्याचा धंदा चालत आला होता, त्यांच्या हातचे कसब आता शास्त्राच्या उपयोगी पडले, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळाला. कडी घातलेल्या हजारो पाखरांपैकी फार थोड्यांचा पत्ता पुन्हा लागतो. सायबेरियातील किंवा कझाकस्तानातील एखादा शिकारी बदक पाडतो, त्याच्या पायात इंग्रजी अक्षरे पाहतो आणि मुंबईला पत्र टाकतो, तेव्हा नकाशावर एक रेघ उमटते. अशा रेघा जुळत गेल्या तेव्हा आपल्या तळ्यांवरच्या बदकांचा आणि परिटांचा परदेश कोणता, हे अनुमानाऐवजी पुराव्याने सांगता येऊ लागले. भारतातील तलाव, मध्य आशियातील गवताळ मैदाने आणि सायबेरियातील दलदली ही एकाच पाखराची तीन घरे आहेत. भोरडीचेच पाहा. आपल्या शेतकऱ्याच्या लेखी ती चोर. पण उन्हाळ्यात मध्य आशियात ती विणीसाठी जाते, तेव्हा टोळ आणि नाकतोडे यांवर तिचा व तिच्या पिल्लांचा निर्वाह होतो. तिच्या खात्याची एकच बाजू आपल्यापुढे असते.

या कामातही वाद झालाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठोपाठ अमेरिकन लष्कराशी संबंधित संशोधन विभागाचा पैसा आला, आणि पाखरांच्या वाटांची माहिती रोगजंतूंच्या युद्धासाठी तर गोळा केली जात नाही ना, असा प्रश्न १९७० च्या दशकात संसदेपर्यंत गेला. सलीम अलींचा हेतू शुद्ध होता, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि, पैसा कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न विचारणाऱ्यांना शास्त्रद्रोही ठरविणेही योग्य झाले नसते. संस्थानिकांचा पैसा घेताना जी निरागसता चालून गेली, ती शीतयुद्धाच्या काळात चालणारी नव्हती.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण मात्र भरतपूरचे. तेथील केवलादेवची दलदल म्हणजे भरतपूर दरबारचे बदकांच्या शिकारीचे मैदान. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले, असे तेथील शिलालेख अभिमानाने सांगतो. स्वातंत्र्यानंतर ती जमीन लागवडीखाली आणावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंकडे आपला शब्द खर्च करून ती वाचविली. येथवर सारे ठीक. १९८० च्या दशकाच्या आरंभी तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि कायद्याप्रमाणे आत गुरे चारण्यास १९८२ मध्ये बंदी आली. या बंदीमागे ज्यांच्या मताचे वजन होते, त्यांत सलीम अली प्रमुख. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्पिढ्या त्या दलदलीत चरत आल्या होत्या. पर्यायी कुरणाची सोय न करता बंदी अमलात आली, गावकरी संतापले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली.

त्याच दलदलीत सलीम अलींच्याच सोसायटीने १९८० मध्ये दीर्घ अभ्यास सुरू केला होता. वर्षानुवर्षे तेथेही तेच लिहिले जात होते: तारीख, स्थळ, संख्या. १९८५ मध्ये सलीम अलींचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, ते राज्यसभेवर नियुक्त झाले, आणि केवलादेवला जागतिक वारशाचा दर्जाही त्याच वर्षी मिळाला. पद्मविभूषण त्यांना १९७६ मध्येच मिळाले होते, तसेच गेटी पारितोषिकही. त्याची रक्कम त्यांनी संवर्धनाच्या कामाकडे वळविली. १९८७ च्या जूनमध्ये दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले तेव्हा भरतपूरच्या नोंदी चालूच होत्या. अहवाल १९९१ मध्ये पुरा झाला. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार माजले होते, उथळ पाण्याची जागा त्याने व्यापली होती आणि हंस-बदकांना तसेच कंद उकरून खाणाऱ्या क्रौंचांना चारा मिळविणे अवघड होऊ लागले होते. म्हशी शत्रू नव्हत्या. त्या गवताला आवर घालीत होत्या. ज्येष्ठतम पक्षिशास्त्रज्ञाचा सल्ला चुकला होता, आणि ते दाखवून दिले त्यांच्याच संस्थेच्या वहीने. गावकऱ्यांना हे आधी कोणी विचारले असते, तर त्यांनीही काही सांगितले असते.

गोळीबारात गेलेल्यांसाठी त्या अहवालाचा काही उपयोग नव्हता. सायबेरियातून केवलादेवला येणाऱ्या पांढऱ्या क्रौंचांची संख्या १९६४-६५ च्या हिवाळ्यात दोनशेच्या आसपास होती. ती उतरत गेली. तिला गवतापेक्षाही वाटेतील शिकार अधिक कारणीभूत असावी, असे मानले जाते. अफगाणिस्तानवरून येणारी ती वाट युद्धाच्या वर्षांत कोणाच्याच ताब्यात नव्हती. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली आणि वसंताच्या सुमारास उत्तरेकडे गेली. त्यानंतर तेथे क्रौंच उतरल्याची नोंद नाही.